मोटारगाडीतील हवा-गाळणी

मोटारगाडीतील हवा-गाळणी : मोटारगाडीच्या प्रवासी कक्षात बाहेरून घेतल्या जाणाऱ्या अथवा कक्षातच पुनःपुन्हा खेळविल्या जाणाऱ्या हवेतून धूळ, काजळी, धूर, परागकण, कवकांचे बीजाणू आणि काही प्रमाणात त्रासदायक वायू अलग करणारे साधन. एंजिनात ज्वलनासाठी जाणारी हवा स्वच्छ करणारी गाळणी हिच्याहून निराळी होय. सिलिंडर व दट्ट्ये यांची झीज टाळणे हे एंजिनाच्या गाळणीचे काम असून ती पुष्कळ आधी प्रचारात आली. गाडीत बसणाऱ्यांच्या फुप्फुसांचा विचार त्या मानाने फार उशिरा झाला, ही गोष्ट यंत्रविद्येच्या इतिहासात जरा विचित्र वाटली तरी खरी आहे.

काचा बंद केलेली गाडी बाहेरच्या हवेपासून अलग असते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात गाडीतील हवा दारांच्या फटी, तळपत्र्यातील छिद्रे आणि मुद्दाम ठेवलेली निर्गमद्वारे यांमधून सतत बदलत असते. शिवाय हवा आत घेण्याचे द्वार जमिनीपासून सुमारे एक मीटर उंचीवर, म्हणजे पुढच्या वाहनाचा धूर व चाकांनी उडविलेली धूळ जेथे सर्वांत दाट असते अशा थरात येते. त्यामुळे रहदारीच्या रस्त्यावरील गाडीत, गाळणी नसेल तर, आसपासच्या वस्तीतील हवेपेक्षाही वाईट हवा श्वासावाटे घेतली जाण्याचा संभव असतो.

इतिहास : सुरुवातीच्या मोटारगाड्यांत वायुवीजनासाठी काचेखालील झाकण उघडणे किंवा दाराची त्रिकोणी फिरती काच वळविणे एवढीच सोय होती. भारतातील अँबॅसडर व प्रीमियर पद्मिनी या गाड्यांच्या प्रवाशांना ती चांगली परिचित होती. बाहेरची हवा गाळून व तापवून आत सोडण्याची व्यवस्था अमेरिकेतील नॅश कंपनीने १९३८ मध्ये आपल्या गाड्यांत आणली. ती मुख्यतः थंडीपासून बचाव करण्यासाठी होती. सूक्ष्म कण पकडणाऱ्या गाळण्यांचा विकास मात्र मोटार उद्योगाबाहेर झाला. लोकर राळेने माखून तिच्यावर विद्युत् भार टिकविण्याची क्लृप्ती १९३० च्या सुमारास निघाली. दुसऱ्या महायुद्धकाळात अमेरिकेच्या अणुबाँब प्रकल्पात किरणोत्सर्गी कण अडविण्यासाठी अतिकार्यक्षम गाळण्या तयार झाल्या. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधनशाळेत वितळलेले बहुवारिक गरम हवेच्या झोताने फुंकून अतिशय बारीक तंतूंचे कापड बनविण्याची पद्धत विकसित झाली; तिचा हेतूही वातावरणातील किरणोत्सर्गी कण गोळा करणे हाच होता. या तिन्ही धाग्यांतून आजची मोटारगाडीतील गाळणी उभी राहिली. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून यूरोपात ती गाड्यांतून बसविली जाऊ लागली आणि पुढील दशकात तिला सक्रियित कार्बनाच्या थराची जोड मिळाली. २०१५ मध्ये टेस्ला कंपनीने आपल्या एका विद्युत् गाडीत रुग्णालयातील शस्त्रक्रियागृहाच्या तोडीची म्हणून मोठ्या आकारमानाची गाळणी बसविली. भारतात २०१९ नंतर हवाशुद्धीकरणाची सोय ही जाहिरातीची बाब झाली आहे. तरीही रस्त्यावर धावणाऱ्या जुन्या व स्वस्त गाड्यांपैकी अनेकींत गाळणीसाठी खोबण आहे, पण गाळणी नाही, अशी स्थिती आढळते.

हवेचा मार्ग : समोरच्या काचेच्या पायथ्याशी असलेल्या जाळीतून बाहेरची हवा आत येते. जाळीमुळे पाने व मोठा कचरा अडतो. पुढे एक झडप असते. तिच्या स्थितीनुसार बाहेरची हवा किंवा कक्षातील हवा पंख्याकडे जाते. पंख्यानंतर हवा वातानुकूलन यंत्रणेच्या थंड वेटोळ्यावरून, आवश्यक तर तापकावरून जाऊन डॅशबोर्डवरील झरोक्यांतून बाहेर पडते [→ वातानुकूलन]. तितकीच हवा गाडीच्या मागील बाजूच्या निर्गमद्वारांतून बाहेर जाते.

गाळणी या मार्गात नेमकी कोठे बसविली आहे, यावर तिचा उपयोग फार अवलंबून असतो. ती डॅशबोर्डमधील कप्प्याच्या मागे, झडपेनंतर असेल, तर बाहेरची व आतली अशी दोन्ही प्रकारची हवा तिच्यातून जाते. काही गाड्यांत ती बॉनेटखाली, बाहेरील हवेच्या द्वाराशीच बसविलेली असते. अशा गाडीत झडप बंद केली म्हणजे आतली हवा न गाळताच फिरत राहते. दोन्ही रचनांच्या गाड्यांत झडपेचे बटण एकाच चित्राचे असल्याने चालकाला हा फरक बाहेरून कळत नाही.

कणांचे आकारमान : हवेतील कण मायक्रॉनमध्ये मोजतात (१ मायक्रॉन = १ मिमी.चा हजारावा भाग). माणसाचा केस सुमारे ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. रस्त्याची धूळ बहुतांशी १० मायक्रॉनांहून मोठी, परागकण १५ ते ४० मायक्रॉनांच्या आसपास, तर डीझेलच्या धुरातील काजळीचे कण ०·१ मायक्रॉनाहूनही लहान असतात. मोठे कण नाक व घसा यांत अडतात. १० मायक्रॉनांहून लहान कण श्वासनलिकांत आणि २·५ मायक्रॉनांहून लहान कण फुप्फुसांच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. म्हणून हवेच्या मापनात या दोन मर्यादांना महत्त्व आले आहे. २००९ मध्ये ठरविलेल्या भारतीय मानकांनुसार २४ तासांची सरासरी संहती (एकक घनफळातील प्रमाण) १० मायक्रॉनांपर्यंतच्या कणांसाठी दर घ. मी.ला १०० मायक्रोग्रॅम व २·५ मायक्रॉनांपर्यंतच्या कणांसाठी ६० मायक्रोग्रॅम यांहून जास्त नसावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचविलेली मूल्ये अनुक्रमे ४५ व १५ अशी पुष्कळच कडक आहेत. २०१५ पासून भारतात वापरात असलेल्या हवा गुणवत्ता निर्देशांकात २०० च्या वरची हवा ‘वाईट’ आणि ४०० च्या वरची ‘गंभीर’ समजली जाते.

गाळण्याची तत्त्वे : गाळणी पिठाच्या चाळणीप्रमाणे काम करते, हा समज चुकीचा आहे. गाळणीच्या तंतूंमधील अंतरे ती अडवीत असलेल्या बहुतेक कणांच्या मानाने कितीतरी मोठी असतात. कण अडतो तो छिद्रातून न मावल्यामुळे नव्हे, तर तंतूला चिकटल्यामुळे. तंतूला एकदा स्पर्श झाला की लहान कणाला पृष्ठभागीय आकर्षणामुळे सहसा सुटता येत नाही. म्हणून कणाची तंतूशी गाठ कशी पडते हाच खरा प्रश्न असतो.

ही गाठ मुख्यतः चार प्रकारांनी पडते. हवेचा प्रवाह तंतूला वळसा घालून जातो. जड कणाला निरूढीमुळे ते वळण घेता येत नाही आणि तो सरळ जाऊन तंतूवर आदळतो. साधारण १ मायक्रॉनाहून मोठ्या कणांच्या बाबतीत हे घडते. मध्यम आकारमानाचा कण प्रवाहाबरोबर वळतो, पण त्याच्या स्वतःच्या जाडीमुळे त्याची कड तंतूला घासते. अतिसूक्ष्म कणांवर हवेच्या रेणूंचे धक्के सतत बसत असल्याने ते प्रवाहात वेडेवाकडे भरकटतात (ब्राउनीय गती) आणि भरकटता भरकटता तंतूवर येऊन पडतात. कण जितका लहान तितके हे विसरण अधिक. यातून एक अनपेक्षित गोष्ट निष्पन्न होते. मोठे कण निरूढीमुळे पकडले जातात, फार लहान कण विसरणामुळे पकडले जातात आणि सर्वांत जास्त निसटतात ते मधले, सुमारे ०·१ ते ०·३ मायक्रॉनांचे कण. लाकूड, पाचट, कचरा यांच्या धुरातील पुष्कळसे कण नेमके याच पट्ट्यात येतात.

चौथा प्रकार विद्युत् भाराचा. पॉलिप्रोपिलिनाच्या तंतूंवर निर्मितीच्या वेळीच कायम टिकणारा विद्युत् भार बसविला, तर ते जवळून जाणाऱ्या कणांना ओढून घेतात. यामुळे कापड विरळ ठेवूनही कार्यक्षमता वाढविता येते. मोटारगाडीतील छोट्या पंख्याला दाट कापडातून हवा ओढणे जमत नसल्याने या युक्तीवर येथे विशेष भिस्त ठेवली जाते. करोना साथीच्या काळात सर्वांच्या परिचयाच्या झालेल्या एन-९५ मुखपट्टीतही हेच तत्त्व वापरलेले असते.

गाळणीचे कापड घड्या घालून चौकटीत बसवितात. घड्यांचे महत्त्व एका हिशोबावरून स्पष्ट होईल. पंखा ताशी ३०० घ. मी. हवा फेकतो आणि गाळणीची चौकट २० × २० सेंमी. आहे असे मानल्यास, सपाट कापडातून हवेला सेकंदाला सुमारे २ मी. वेगाने जावे लागेल. घड्या घालून कापडाचे क्षेत्रफळ ०·४ चौ. मी. केले की हा वेग सुमारे २१ सेंमी.पर्यंत उतरतो. वेग कमी झाला की हवेला होणारा विरोध घटतो आणि बारीक कणांना विसरणाने तंतूपर्यंत पोहोचण्यास वेळही अधिक मिळतो. सर्वसाधारण गाळणी १० मायक्रॉनांवरील कण जवळजवळ सर्व अडविते. ०·३ मायक्रॉनाच्या आसपास मात्र तिच्या प्रतीनुसार पाचव्या हिश्शापासून दोनतृतीयांशांपर्यंत किंवा त्याहून थोडेसे अधिक कण अडतात. बाजारात एकसारख्या दिसणाऱ्या दोन गाळण्यांतील खरा फरक येथे असतो आणि वेष्टनावर तो क्वचितच सांगितलेला असतो. चाचणीच्या पद्धतीसाठी आयएसओ १११५५ हे आंतरराष्ट्रीय विनिर्देश असून त्याचा कणांसंबंधीचा पहिला भाग २००१ मध्ये व वायूंसंबंधीचा दुसरा भाग २००९ मध्ये निघाला.

वायूंचे अधिशोषण : तंतूंच्या गाळणीतून वायूंचे रेणू सहज पार जातात. त्यांच्यासाठी सक्रियित कार्बनाचे दाणे दोन कापडांच्या मध्ये पसरलेले असतात. नारळाच्या करवंट्यांपासून किंवा दगडी कोळशापासून बनविलेल्या या कार्बनात अतिसूक्ष्म छिद्रांचे जाळे असते. एक ग्रॅम कार्बनाचे अंतर्गत पृष्ठफळ ५०० ते १,५०० चौ. मी. भरते. या पृष्ठावर बेंझीन, टोल्यूइन यांसारख्या हायड्रोकार्बनांचे रेणू चिकटून राहतात. ओझोनाचे विघटन होते. सल्फर डाय-ऑक्साइड, अमोनिया यांच्यासाठी कार्बनावर विशिष्ट रसायनांचा लेप द्यावा लागतो. नायट्रोजन डाय-ऑक्साइड अडतो, पण त्याचा काही भाग नायट्रिक ऑक्साइडाच्या रूपात पुन्हा बाहेर पडतो. कार्बन भरत आला, दमट झाला किंवा तापला म्हणजे धरून ठेवलेले रेणू सोडूही लागतो. उन्हात उभी केलेली गाडी सुरू करताच पहिल्या झोताबरोबर कधीकधी जो वास येतो त्याचे हे एक कारण होय.

कार्बन मोनॉक्साइड हा वायू मात्र अशा कोणत्याही गाळणीत अडत नाही. त्याला वासही नसतो. बंद जागेत एंजिन चालू ठेवून वातानुकूलित गाडीत झोपणे यामुळेच प्राणघातक ठरू शकते आणि उत्तम प्रतीची गाळणी त्यात काहीही मदत करीत नाही.

बाहेरची हवा आणि पुनरभिसरण : बाहेरची हवा वाईट असताना झडप कोणत्या स्थितीत ठेवावी, हा व्यवहारातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. कक्षाचे घनफळ ३ घ. मी., पंख्याचा प्रवाह ताशी ३०० घ. मी. आणि बारीक कणांच्या बाबतीत गाळणीची कार्यक्षमता ५०% समजू. बाहेरची हवा घेत राहिल्यास ती एकदाच गाळली जाते आणि आतील संहती बाहेरच्या निम्मी राहते. पुनरभिसरणात तीच हवा तासाला शंभर वेळा गाळणीतून जाते. फटींतून दर तासाला कक्षाच्या पाचपट हवा बाहेरून शिरते असे धरले, तरी समतोल होतो तो बाहेरच्या सुमारे ९ टक्क्यांवर आणि ही पातळी तीन ते चार मिनिटांत गाठली जाते. म्हणजे मध्यम प्रतीची गाळणीसुद्धा पुनरभिसरणात उत्तम काम देते. उलट बाहेरच्या हवेच्या स्थितीत उंची गाळणीची खरी कसोटी लागते.

मग झडप कायमची बंद का ठेवू नये? त्याचे कारण माणसाचा उच्छ्‌वास. स्वस्थ बसलेला प्रौढ मनुष्य तासाला सुमारे १८ लि. कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर टाकतो. वरील गाडीत चार माणसे असतील, तर त्या वायूचे प्रमाण मिनिटाला दशलक्ष भागांत ४०० या गतीने वाढू लागते. बाहेरच्या हवेत ते ४२० च्या आसपास असते. फटींतून पाचपट हवा येत असली तरी ते अखेर ५,००० च्या वर जाऊन स्थिरावते. गाडी नवी व घट्ट असेल तर त्याहूनही वर. प्राणवायूची उणीव या पातळीला पडत नाही. पण कोंदटपणा, डोके जड होणे व सुस्ती येते आणि लांबच्या रात्रीच्या प्रवासात चालकाची सुस्ती ही धुळीपेक्षा तातडीची आपत्ती होय. म्हणून धुराच्या पट्ट्यात झडप बंद करून तो ओलांडल्यावर, किंवा दीर्घ पट्टा असल्यास दर दहा-पंधरा मिनिटांनी थोडा वेळ, बाहेरची हवा घेणे इष्ट असते. काही गाड्यांत हे काम संवेदक करतो. टिन ऑक्साइडासारख्या धातू-ऑक्साइडाच्या पृष्ठावर धुरातील वायूंमुळे विद्युत् रोध बदलतो व झडप आपोआप मिटते. पण हा संवेदक वायू ओळखतो; धूळ त्याला दिसत नाही. मातीच्या लोटात शिरतानाही तो झडप उघडीच ठेवील.

मैंदर्गी परिसरातील परिस्थिती : मोठ्या शहरांतील वाईट हवेची चर्चा पुष्कळ होते, २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतील हवेची दखल मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून घेतली. लहान गावांच्या रस्त्यांवरील हवेकडे त्या मानाने लक्ष जात नाही. सोलापूर जिल्ह्यातील अक्कलकोट तालुक्यात, अक्कलकोट व दुधनी यांच्या दरम्यान कर्नाटकाच्या सीमेनजीक असलेले मैंदर्गी हे नगरपरिषदेचे गाव या दृष्टीने नमुन्यादाखल घेण्यासारखे आहे. हा भाग पर्जन्यछायेतील असून उन्हाळ्यात तापमान ४०° से.च्या वर जाते. जमीन बव्हंशी काळी. तिच्यातील माँटमोरिलोनाइट जातीची चिकणमाती ओली असताना फुगते व सुकली की भेगाळते. गाडीवाटेवर चाकांखाली तिचा मैद्यासारखा भुगा होतो. बाजारहाट, महाविद्यालये व मोठी रुग्णालये यांसाठी येथील लोकांना अक्कलकोटला किंवा त्याही पुढे पन्नासहून अधिक किमी. अंतरावरील सोलापूरला जावे लागते. सोलापूर शहर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ वायू कार्यक्रमातील, मानके न पाळली जाणाऱ्या शहरांच्या यादीत आहे. त्याच्या परिसरात १,३२० मेवॉ. क्षमतेचे औष्णिक वीज केंद्र आणि होटगीचा सिमेंट उद्योग आहे. जिल्ह्यात साखर कारखान्यांची संख्याही मोठी आहे.

या एकाच प्रवासात हवेचे निरनिराळे प्रकार भेटतात. गावाजवळच्या कच्च्या वाटांवर माती. जानेवारी-फेब्रुवारीत तूर व त्यानंतर ज्वारी यांच्या मळणीचे भूस. गाळप हंगामात ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांचा धूर आणि तोडणीनंतर फडात पेटविलेले पाचट. पावसाळ्यानंतर रस्त्याकडेच्या गाजरगवताचे पराग. १९५५ मध्ये पुण्यात प्रथम नोंदलेली ही परकी वनस्पती आज सर्वत्र पसरली असून तिचे पराग दमा व त्वचेचे विकार असणाऱ्यांना त्रास देतात. शहराजवळ अवजड वाहनांची काजळी. यांपैकी माती, भूस व पराग यांचे कण मोठे असल्याने साधी गाळणीही त्यांना जवळजवळ पूर्णपणे अडविते. पाचटाचा धूर व काजळी मात्र ती अर्धवटच अडविते. डोळ्यांना जे भयंकर दिसते ते गाळणीला सोपे आणि जे निळसर धुके म्हणून दुर्लक्षिले जाते ते अवघड, असा हा प्रकार आहे.

मात्र मातीमुळे गाळणीचे आयुष्य झपाट्याने सरते. दर घ. मी.ला १५० मायक्रोग्रॅम कण असलेल्या शहरी हवेतून ताशी ३०० घ. मी. हवा घेतल्यास गाळणीवर तासाला ४५ मिग्रॅ. धूळ जमते. कच्च्या रस्त्यावर पुढच्या वाहनाच्या लोटात हे प्रमाण ५ मिग्रॅ.पर्यंत गेले असे मानले, तर तासाला दीड ग्रॅम. दहा ग्रॅम धूळ धरू शकणारी गाळणी शहरात दोनशेहून अधिक तास पुरेल, येथे सात तासांत भरेल. म्हणून निर्मात्याच्या पुस्तिकेतील मुदत या भागात शब्दशः पाळून चालत नाही.

कच्च्या रस्त्यावरील झडपेचा प्रश्नही वाटतो तितका सरळ नाही. बाहेरची हवा जोराने आत घेतली जात असताना कक्षातील दाब बाहेरपेक्षा किंचित अधिक राहतो आणि फटींतून हवा बाहेरच जाते. पुनरभिसरणात हा दाब नाहीसा होतो. धावत्या गाडीच्या मागे कमी दाबाचा पोकळ पट्टा निर्माण होऊन त्यात धूळ घोटाळत असते. मागील दाराचे रबर झिजलेले असेल, तर ती तेथून आत ओढली जाते. वडापच्या जुन्या जीपगाड्यांत मागच्या बाकावरील उतारूंचे केस प्रवासाअखेरीस पांढुरके झालेले दिसतात ते यामुळे. अशा गाडीत गाळणी असल्यास पंखा मोठा ठेवून बाहेरची हवाच घेणे अधिक फायद्याचे ठरते. दारे घट्ट बसणाऱ्या गाडीत याउलट, लोट विरेपर्यंत झडप बंद ठेवणे बरे. एस.टी.च्या साध्या गाड्यांत व ताडपत्रीच्या जीपगाड्यांत गाळणीचा प्रश्नच उद्‌भवत नाही. तेथे तोंडाला बांधलेला रुमाल वा उपरण्याचा पदर एवढेच साधन असते आणि ते फक्त भरड धुळीपुरते उपयोगी आहे.

दम्याच्या रुग्णास मैंदर्गीहून सोलापूरच्या रुग्णालयात नेताना या सर्वाचा अर्थ काय होतो, हे आकड्यांत मांडता येते. विश्रांत स्थितीत मनुष्य तासाला सुमारे अर्धा घ. मी. हवा श्वासावाटे घेतो. रस्त्यावरील बारीक कणांची संहती २०० मायक्रोग्रॅम धरल्यास, काचा उघड्या ठेवून केलेल्या तासाभराच्या प्रवासात तो सुमारे १०० मायक्रोग्रॅम कण आत घेईल. काचा बंद करून बाहेरची हवा वरील गाळणीतून घेतल्यास ५० आणि पुनरभिसरणात ९. गाळणीच नसलेल्या गाडीत काचा बंद करूनही पहिला आकडा फारसा बदलत नाही. सोलापूर शहरातील मापन केंद्राचा निर्देशांक पाहून या रस्त्याबद्दल अनुमान काढणेही धोक्याचे असते. तो आकडा शहराच्या हवेची सरासरी सांगतो, ट्रॅक्टरमागून जाणाऱ्या गाडीतील हवेची नव्हे.

निगा : निर्माते सामान्यतः १०,००० ते २०,००० किमी. किंवा एक वर्ष यांपैकी जे आधी येईल त्या वेळी गाळणी बदलण्यास सांगतात. धुळीच्या प्रदेशात ही मुदत निम्म्यावर आणावी. पंख्याचा आवाज वाढून झोत मंदावणे, काचा लवकर धुरकटणे ही गाळणी तुंबल्याची लक्षणे होत. तुंबलेली गाळणी कण कमी अडविते असे नाही. धुळीच्या थरामुळे ती बहुधा जास्तच अडविते. पण हवाच पुरेशी येत नसल्याने चालक कंटाळून काच खाली करतो आणि सगळा उद्देश फसतो. काजळी व तेलकट धूर यांनी मात्र तंतूंवरील विद्युत् भार झाकला जातो आणि बारीक कणांविषयीची कार्यक्षमता बाहेरून काही न दिसता घटते. म्हणून शहरात प्रामुख्याने चालणाऱ्या गाडीची गाळणी स्वच्छ दिसली तरी मुदतीला बदलावी.

गॅरेजमध्ये गाळणी काढून तिच्यावर हवा मारून परत बसविण्याची पद्धत सर्रास आढळते. यात मोठी माती निघते, खर्च वाचतो. परंतु जोरदार झोताने बारीक तंतूंचा थर फाटतो व पुढे हवा त्या फाटीतूनच वाट काढते. साबणाच्या पाण्याने धुतल्यास विद्युत् भार जातो. हलक्या हाताने आपटून भरड धूळ झाडणे एवढेच क्षम्य समजावे. नवी गाळणी बसविताना तिच्यावरील बाणाची दिशा हवेच्या प्रवाहाशी जुळवावी लागते, कारण जाड तंतूंचा थर आधी व बारीक तंतूंचा नंतर अशी तिची रचना असते. उलटी बसविल्यास बारीक थर मातीने लगेच भरतो. चौकट खोबणीत घट्ट बसली पाहिजे. कडेला काही मिलिमीटरांची फट राहिली तरी हवा कमी विरोधाचा तो मार्ग पत्करते आणि महागडी गाळणी शोभेपुरती उरते.

गाळणीमागील थंड वेटोळ्यावर हवेतील बाष्प साचते. गाळणी नसलेल्या किंवा फाटलेल्या गाडीत धूळ या ओल्या पत्र्यांवर बसून तिचा लगदा होतो, त्यात बुरशी वाढते व आंबूस वास येऊ लागतो. निचऱ्याची नळी तुंबून पाणी पायांशी गळते. अशा वेळी सुगंधी फवारे मारण्याने वास दबतो, बुरशी राहतेच. वेटोळे साफ करून, निचरा मोकळा करून मगच नवी गाळणी घालावी लागते. प्रवास संपण्यापूर्वी दोन-तीन मिनिटे शीतन बंद करून नुसता पंखा चालू ठेवल्यास वेटोळे बरेचसे कोरडे होते.